सोन्याच्या नॅनोकणांनी प्रथिन शोधायचं आणि मोजायचं कसं: गोव्यातल्या नवशिक्या संशोधकांसाठी

गर्भचाचणीच्या बहुतेक किटवर उमटणारी लालसर रेघ सोन्याची असते. सोन्याचा कण चाळीसेक नॅनोमीटरचा झाला की त्यातले इलेक्ट्रॉन प्रकाशाबरोबर झुलायला लागतात, हिरवा प्रकाश शोषला जातो आणि द्रावण लाल दिसतं. अशा कणावर अँटिबॉडी बसवली की ज्या रेणूसाठी ती बनली आहे त्याला जाऊन तो कण चिकटतो, आणि एरवी डोळ्यांना न दिसणारा रेणू कुठे बसलाय ते कळतं. अशा खुणेच्या कणाला टॅग म्हणतात. तत्त्व इतकंच.

एमएस्सीच्या प्रकल्पाला किंवा पीएचडीच्या पहिल्या वर्षाला हा विषय घेणाऱ्यांची पंचाईत पुढे होते. शोधनिबंधात पद्धत चार ओळींत उरकलेली असते: कण बनवले, अँटिबॉडी जोडली, धुतलं, वापरलं. त्या चार ओळींत एखादं सेमेस्टर सहज जातं. मी या वाटेने गेलोय, म्हणून त्या ओळींच्या मधलं जे कुणी लिहीत नाही ते इथे क्रमाने देतोय.

१. टॅग कोणता आणि रेणू कोणता, ते आधी ठरवा

पर्याय बरेच आहेत. साधं सोनं डोळ्यांनी दिसतं. क्वांटम डॉट (अर्धवाहकाचे नॅनोकण) चमकतात आणि आकाराप्रमाणे रंग बदलतात (२०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल बावेंडी, ब्रुस आणि येकिमोव्ह यांना यासाठीच मिळालं), पण चांगले चमकणारे बरेचसे डॉट कॅडमियमचे असतात आणि कॅडमियमचा कचरा ही कायमची डोकेदुखी. अपकन्व्हर्जन कणांवर ९८० नॅनोमीटरचा अवरक्त लेसर टाकला की ते दृश्य प्रकाश देतात, त्यामुळे रक्ताची किंवा कागदाची स्वतःची चमक आड येत नाही. मात्र त्यासाठी वेगळा रीडर लागतो. रामन टॅगबद्दल शेवटी लिहिलंय.

माझं मत स्पष्ट आहे: पहिला टॅग साध्या सोन्याचाच करा. बिघडला तर रंगावरून लगेच कळतं, आणि ही सोय इतर बहुतेक टॅगमध्ये नाही.

रेणूच्या बाबतीत मोह आवरा. मलेरियाच्या परजीवीचं एचआरपी-२ हे प्रथिन किंवा बांगडा माशातलं हिस्टामिन ही उद्दिष्टं गोव्यात राहून सुचणं साहजिक आहे. पण सुरुवात सरावाच्या जोडीने करा: मोजायचा रेणू सशाची आयजीजी (सशाच्या रक्तातली अँटिबॉडी), टॅगवर बकरीची अँटी-रॅबिट अँटिबॉडी, म्हणजे बकरीत बनवलेली आणि सशाच्या अँटिबॉडीला पकडणारी. दोन्ही स्वस्त, शुद्ध आणि टिकाऊ. यावर हात बसला की मग महागडी अँटिबॉडी फोडा.

२. कागदपत्रं आणि सामान

माणसाचा नमुना वापरणार असाल तर परवानगीचा अर्ज पहिल्या दिवशीच टाका. गोमेकॉमधलं (गोवा वैद्यकीय महाविद्यालयातलं) तपासणीनंतर उरलेलं रक्त असलं तरी मानवी नमुना तो मानवी नमुनाच. लागणारे कागद साधारण असे:

- संस्थेच्या नीतिमत्ता समितीची मंजुरी (आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं वाचूनच अर्ज लिहा)
- संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची नोंद
- नमुना देणाऱ्याचं संमतिपत्र, त्याला कळेल अशा भाषेत, म्हणजे आपल्याकडे मराठी आणि कोकणी दोन्हींत
- विभागाबाहेरच्या उपकरणासाठी मार्गदर्शकांच्या सहीचं पत्र

सामानात क्लोरोऑरिक आम्ल, ट्रायसोडियम सायट्रेट, पोटॅशियम कार्बोनेट, बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रथिन), बोरेट बफर, मीठ, अँटिबॉडी, नायट्रोसेल्युलोज पडदा, शोषक पॅड. उपकरणांत गरम होणारा स्टरर, यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोफोटोमीटर, थंड सेंट्रिफ्यूज आणि एक साधा ऑफिसचा फ्लॅटबेड स्कॅनर. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक रोज लागत नाही; दोन-चार नमुने साठवून केंद्र सरकारच्या आय-स्टेम पोर्टलवरून वेळ बुक करता येते. त्याआधी ताळगाव पठारावरचं विद्यापीठ, दोनापावलाची एनआयओ (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था), झुआरीनगरचं बिट्स इथे ओळखी काढा. अंतरं लहान असणं ही गोव्याची मोठी सोय आहे, तिचा फायदा घ्या.

अँटिबॉडी मागवताना दोन गोष्टी ऑर्डरमध्येच लिहून द्या. एक, बीएसए, जिलेटिन आणि ग्लिसरॉल नसलेली हवी. दुसरी, पार्सल आठवड्याच्या सुरुवातीला पोचायला हवं. बर्फाचा डबा शुक्रवारी संध्याकाळी आला तर सोमवारपर्यंत तो गेटवरच्या केबिनमध्ये पडून राहतो. आणि गणेश चवथीच्या आठवड्यात तर काहीच मागवू नका. घ्यायला कोणी नसतं.

३. सोन्याचं कोलॉइड बनवा

कोलॉइड म्हणजे सोन्याचे कण तरंगत असलेलं द्रावण. पद्धत जुनी आहे: टर्केविच आणि सहकाऱ्यांनी १९५१ मध्ये मांडली, फ्रेन्सने १९७३ मध्ये सायट्रेटचं प्रमाण बदलून आकार हवा तसा आणायचं दाखवलं.

क्लोरोऑरिक आम्ल हवेतलं पाणी भराभर ओढतं. आपल्या जुलैच्या हवेत बाटली उघडून दहा मिलिग्रॅम वजन करायला बसलात तर काट्यावरचा आकडा समोर वाढताना दिसेल. म्हणून १ ग्रॅमची बाटली आणायची आणि एकाच वेळी सगळी १०० मिली शुद्ध पाण्यात विरघळवून १ टक्क्याचं द्रावण करायचं. गडद बाटलीत, ४ अंशांवर ते उत्तम टिकतं. स्टीलचा चमचा त्यात घालू नका, हे आम्ल धातूला खातं आणि सोनं चमच्यावर बसतं.

काचेची भांडी आणि चुंबकी कांडी अम्लराजाने धुवायची: तीन भाग हायड्रोक्लोरिक, एक भाग नायट्रिक. फ्यूम हूडमध्ये, हातमोजे आणि चष्मा घालून, लागेल तेवढंच ताजं बनवून. उरलेलं बाटलीत भरून बूच लावलं तर वायूच्या दाबाने बाटली फुटते. ॲसिटोनने धुतलेलं भांडं त्याच्या आसपासही नको. नंतर शुद्ध पाण्याने भरपूर खळबळा.

आता ९९ मिली शुद्ध पाणी आणि १ मिली सोन्याचं द्रावण जोरात उकळवा, झाकण ठेवून, ढवळत. उकळी पूर्ण आली की १ टक्क्याचं सायट्रेट एका झटक्यात घाला. २ मिली घातलं तर साधारण १६ नॅनोमीटरचे कण होतात, १ मिली घातलं तर ४० च्या आसपास. पुढे बनवायच्या चाचणीच्या पट्टीसाठी ४० वाले बरे. फिकट पिवळा रंग आधी जातो, मग काळपट निळसर छटा येते आणि काही मिनिटांत लाल. लाल झाल्यावर आणखी दहा-पंधरा मिनिटं उकळू द्या आणि ढवळतच थंड करा.

काळपट छटा आली की नवखा माणूस बिघडलं म्हणून ओतून टाकतो. थांबा. ती मधली अवस्था आहे.

४. कोलॉइड तपासा

स्पेक्ट्रम ४०० ते ८०० नॅनोमीटर घ्या. १६ नॅनोमीटरच्या कणांचं शिखर ५२० च्या आसपास, ४० वाल्यांचं ५२६ ते ५३०. शिखर अरुंद हवं आणि ६५० च्या पुढे रेष जवळजवळ तळाला टेकलेली हवी. तिथे शेपूट वर उचललेली दिसली तर कण एकमेकांना चिकटलेत.

कण जवळ आले की शिखर लाल बाजूला सरकतं आणि द्रावण जांभळं, मग निळं दिसतं. ६२० ला आणि शिखरावर किती शोषण होतंय याचं गुणोत्तर वहीत लिहून ठेवा. पुढच्या प्रत्येक पायरीनंतर हाच आकडा पुन्हा काढायचा आहे. तो हलला नाही तर टॅग शाबूत.

अंदाजासाठी: ४० नॅनोमीटरच्या कोलॉइडची ओडी (शिखरावरचं शोषण) १ असेल तर एका मिलीत सुमारे ९ × १०^१० कण असतात.

५. अँटिबॉडी जोडा

बहुतेक प्रकल्प इथेच अडकतात, म्हणून सावकाश वाचा.

सायट्रेटमुळे कणांवर ऋण भार असतो, त्यामुळेच ते एकमेकांपासून दूर राहतात. मीठ घातलं की हा भार झाकला जातो आणि कण गोळा होतात. म्हणून उघड्या (अँटिबॉडी न बसवलेल्या) कोलॉइडमध्ये पीबीएस (मीठ असलेलं फॉस्फेट बफर) कधीही घालू नका, क्षणात निळं. जीवशास्त्राकडून आलेल्या मुलांचा हात सवयीने पीबीएसच्या बाटलीकडे जातो, तो आवरायला शिका. अँटिबॉडी पीबीएसमध्ये आली असेल तर आधी डायलिसिस करून किंवा डिसॉल्टिंग कॉलममधून २ ते ५ मिलीमोलर बोरेटमध्ये आणा.

पीएच अँटिबॉडीच्या समविद्युत बिंदूच्या (ज्या पीएचला तिच्यावरचा एकूण भार शून्य असतो त्याच्या) किंचित वर हवा. आयजीजीसाठी ८.५ च्या आसपासून सुरुवात करा. ०.१ मोलर पोटॅशियम कार्बोनेट थेंबाथेंबाने घाला. पीएच मीटरचा इलेक्ट्रोड उघड्या कोलॉइडमध्ये बुडवू नका, त्याच्या जाळीत सोनं अडकतं आणि विभागात तुमची बदनामी होते. पीएच कागद वापरा.

आता मिठाची चाचणी. आठ नळ्यांत प्रत्येकी २५० मायक्रोलीटर कोलॉइड घ्या. त्यांत दर मिलीला ०, २, ४, ६, ८, १०, १५, २० मायक्रोग्रॅम अशी अँटिबॉडी घाला. दहा मिनिटं थांबा. मग प्रत्येकीत २५ मायक्रोलीटर १० टक्के मीठ. शून्याची नळी निळी होईल. पुढे कुठेतरी रंग लालच राहील. जी सर्वांत कमी मात्रा लाल राहिली ती पकडा, वर दहा-वीस टक्के जादा धरा, हे तुमचं प्रमाण. पीएच ८, ८.५ आणि ९ ला वेगवेगळी करून बघितलीत तर आणखी चांगलं.

या चाचणीतून दोन गोष्टी आणखी कळतात. शून्याची नळी निळी झाली नाही, तर कोलॉइडवर आधीच काहीतरी बसलंय, बहुधा भांड्यातला साबण. आणि अगदी कमी मात्रेपासून सगळ्याच नळ्या लाल राहिल्या, तर अँटिबॉडीच्या बाटलीत बीएसए आहे; कणांवर तेच जाऊन बसलंय. पुरवठादाराचं माहितीपत्रक पुन्हा वाचा.

प्रमाण ठरलं की मोठ्या नळीत जोडणी: कोलॉइड ढवळत ठेवून त्यात अँटिबॉडी, अर्धा तास, मग १० टक्के बीएसए एक दशांश घनफळाने, आणखी अर्धा तास. बीएसए उरलेल्या मोकळ्या जागा भरतं. ही पायरी घाईत उरकली तर टॅग पुढे पडद्याला, नळीला, सगळ्यालाच चिकटतो.

सेंट्रिफ्यूज करताना वेग जी मध्ये (गुरुत्वाकर्षणाच्या पटीत) ठेवा. आरपीएमचा आकडा रोटरप्रमाणे बदलतो, दुसऱ्याच्या वहीतून तो उतरवू नका. ४० नॅनोमीटरसाठी ३,५०० ते ५,००० जी, वीस मिनिटं, ४ अंश. १६ साठी १२,००० च्या वर लागतं. तळाला गडद लाल, हलवल्यावर वाहणारा थेंब दिसला तर छान. काळा, घट्ट, भिंतीला चिकटलेला ठिपका दिसला तर तो घाणा वाया गेला. वरचं पाणी थोडं गुलाबी राहतंच. ते पूर्ण स्वच्छ करायच्या नादात वेग वाढवू नका.

१ टक्का बीएसए असलेल्या बोरेटमध्ये पुन्हा मिसळा आणि ४ अंशांवर ठेवा. फ्रीझरमध्ये कधीच नको, गोठलं की संपलं. पावसात लाईट गेल्यावर तुमचा फ्रीज जनरेटरच्या लाइनवर आहे की नाही, हे मे महिन्यातच विचारून घ्या.

टॅग चालतो का ते पट्टी न बनवताही बघता येतं. नायट्रोसेल्युलोजच्या तुकड्यावर सशाच्या आयजीजीचा एक थेंब, शेजारी बीएसएचा एक. वाळवा, बीएसएने अडवा (म्हणजे पडद्याची उरलेली जागा बीएसएने भरून टाका) आणि टॅगमध्ये बुडवा. काही मिनिटांत पहिला ठिपका लाल आणि दुसरा कोरा दिसायला हवा. दोन्ही लाल झाले तर पुढे जाऊ नका. इथे अडवण्यात घालवलेला वेळ नंतरच्या महिन्यांचा मनस्ताप वाचवतो.

६. पट्टी बनवा

पूर्ण किटच्या मागे लागू नका, अर्धी पट्टी पुरे: प्लास्टिकच्या पाठीवर पडदा, वरच्या टोकाला शोषक पॅड. ४ मिलीमीटर रुंद कापा. टेस्ट रेघेसाठी बकरीची अँटी-रॅबिट, दर मिलीला १ मिलिग्रॅम; रेणू ही रेघ आणि टॅग यांच्या मधे अडकतो, म्हणून रेघ लाल होते. कंट्रोल रेघेसाठी गाढवाची अँटी-गोट; ती टॅगवरची बकरीची अँटिबॉडीच पकडते, म्हणून रेणू नसला तरी ही रेघ उमटते. इथे सशात बनवलेली अँटी-गोट चालणार नाही, कारण तुमचा टॅग सशाच्या अँटिबॉडीलाच पकडायला बनवलाय. रेघ मारायचं यंत्र नसेल तर पिपेटने अर्ध्या मायक्रोलीटरचे ठिपके द्या. शोधायला चालतात, मोजायला मात्र रेघच बरी.

३७ अंशांवर वाळवून फॉइलच्या पाकिटात सिलिका जेलसह बंद करा. जून ते सप्टेंबर हे काम एसी आणि डीह्युमिडिफायर असलेल्या खोलीतच. ओलावा खाल्लेल्या पडद्यावर द्रव वेगळ्या गतीने चढतो आणि मेमधली पट्टी ऑगस्टमधल्या पट्टीशी जुळत नाही.

नमुना आणि टॅग मायक्रोप्लेटच्या खळग्यात मिसळून पट्टी त्यात उभी करा. पंधराव्या मिनिटाला वाचा. कधीही वाचली तरी चालेल असं नाही, वाळताना रेघ गडद होत जाते.

७. आता मोजा

रेघ दिसली म्हणजे रेणू सापडला असावा. किती आहे, हे सांगायला आलेख लागतो.

मोबाईलचा फोटो टाळा; कॅमेरा स्वतःहून उजेड आणि रंग सुधारतो आणि व्हॉट्सॲपवरून पाठवला की उरलीसुरली माहितीही दाबली जाते. स्कॅनरवर ६०० डीपीआय, सगळ्या आपोआप सुधारणा बंद, फाइल टिफ. इमेज-जे हे मोफत सॉफ्टवेअर घ्या, रंग वेगळे करा आणि फक्त हिरवा चॅनल वापरा. सोनं हिरवा प्रकाश शोषतं, म्हणून रेघ तिथेच सर्वांत ठळक दिसते. रेघेचा गडदपणा वजा बाजूच्या पडद्याचा गडदपणा, हा तुमचा सिग्नल.

माहीत असलेल्या सहा ते आठ पातळ्या घ्या, प्रत्येकी तीन पट्ट्या, आणि शून्याच्या किमान दहा. शून्याच्याच इतक्या का? कारण शोधमर्यादा त्यांच्यावरच ठरते: कोऱ्या पट्ट्यांची सरासरी अधिक तीन प्रमाण विचलन. तीन कोऱ्या पट्ट्यांवरून काढलेलं विचलन कुठलाही परीक्षक मानणार नाही. पातळ्या लॉग अक्षावर मांडल्या की आलेख इंग्रजी एस सारखा येतो. त्याला चार घटकांचं लॉजिस्टिक समीकरण बसवा. मधला चढ मोजण्यालायक, दोन्ही टोकं फक्त शोधण्यालायक.

सापळा एकच, पण मोठा: रेणू फार जास्त असला तर रेघ फिकी होते. टॅगवरच्या जागा वेगळ्या रेणूंनी भरतात, रेघेवरच्या वेगळ्या, आणि मधे दुवा उरत नाही. याला हुक इफेक्ट म्हणतात. अनोळखी नमुना नेहमी जसाच्या तसा, दहापट पातळ आणि शंभरपट पातळ असा तिन्ही प्रकारे चालवा. पातळ केल्यावर रेघ गडद झाली तर समजायचं.

८. खऱ्या नमुन्यावर जा

बफरमध्ये काढलेला आलेख सीरमला किंवा माशाच्या अर्काला लागू होत नाही. रेणू नसलेला तसाच नमुना घ्या, त्यात माहीत असलेली मात्रा घाला आणि परत किती मिळते बघा. ८० ते १२० टक्के मिळालं तर ठीक. नाही तर आधी नमुना पातळ करून बघा.

बांगड्यातलं हिस्टामिन मोजायचं असेल तर रचनाच उलटी होते. मासा बर्फाविना राहिला की जिवाणू हिस्टिडिनपासून हिस्टामिन बनवतात, आणि शिजवून ते जात नाही. कोडेक्सने (अन्नाची आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणाऱ्या संस्थेने) सुरक्षिततेची मर्यादा किलोला २०० मिलिग्रॅम ठेवली आहे. हा रेणू इतका लहान की त्यावर दोन अँटिबॉडी एकाच वेळी बसत नाहीत. म्हणून स्पर्धेची चाचणी करावी लागते, म्हणजे नमुन्यातलं आणि रेघेवरचं हिस्टामिन एकाच अँटिबॉडीसाठी झगडतात, आणि हिस्टामिन जितकं जास्त तितकी रेघ फिकी. मासे घेऊन पट्टी वाचायला येणाऱ्याला हे आधीच समजावून सांगा.

मलेरियाच्या एचआरपी-२ बाबत एवढं ध्यानात ठेवा की उपचारानंतरही ते प्रथिन काही आठवडे रक्तात राहू शकतं, आणि काही परजीवींमध्ये त्याचं जनुकच नसतं. तुमची पट्टी प्रथिन मोजते. रोगी बरा आहे की नाही हे डॉक्टर ठरवतील.

९. रामन टॅग, पण नंतर

सोन्याच्या कणावर ४-मर्कॅप्टोबेन्झोइक आम्लासारखा रेणू बसवला की त्याचा रामन सिग्नल (लेसरचा प्रकाश विखुरताना उमटणारी रेणूची खास खूण) प्रचंड वाढतो. त्याची १०७५ आणि १५९० प्रति सेंटीमीटरच्या आसपासची शिखरं ओळखीची खूण होतात. रामन शिखरं अरुंद असल्याने एकाच रेघेवर अनेक टॅग वेगळे ओळखता येतात, हा खरा फायदा. हा रेणू जास्त घातला तर कण गोळा होतात. गंमत अशी की तेव्हा सिग्नल आणखी वाढतो आणि माणूस खूश होतो. त्या सिग्नलवर मोजमाप करू नका, पुढच्या वेळी तो तसा येणार नाही. लेसर ७८५ नॅनोमीटरचा असेल तर पार्श्वभूमीची चमक कमी. शक्ती कमी ठेवा, पडदा जळतो.

१०. कचरा

सोन्याचं उरलेलं सगळं द्रावण एका वेगळ्या, नाव लिहिलेल्या बाटलीत जमवा. त्यातून सोनं परत काढता येतं. सोडियम ॲझाइड घातलेलं बफर सिंकमध्ये ओतू नका, धातूच्या नळात स्फोटक क्षार तयार होतात. माणसाच्या नमुन्याला लागलेल्या पट्ट्या पिवळ्या पिशवीत, पिपेटच्या टिपा लाल पिशवीत, आणि दोन्हींची नोंद त्याच दिवशी रजिस्टरमध्ये.